कै. डॉ. अनिताबाई अवचट

विद्यार्थिमित्रांनो, थोरांची चरित्रे वाचू लागलो म्हणजे आपली दृष्टी बहुधा रणांगणाकडे, राजसभेकडे किंवा प्रयोगशाळेकडे वळते. परंतु मनुष्याची पुष्कळशी दुःखे घराच्या बंद दाराआड घडत असतात. तेथे तलवार चालत नाही आणि व्याख्यानही पोहोचत नाही. अशा एका दुःखाशी ज्यांनी आयुष्याची अखेरची दहा-अकरा वर्षे झुंज दिली, त्या पुण्याच्या डॉ. अनिताबाई अवचट ह्यांचे चरित्र मी आज आपणांस सांगणार आहे. ते दुःख म्हणजे व्यसन.

हे चरित्र निवडण्यास एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. बुद्धी तल्लख, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे. तथापि पालकसभेची चिठ्ठी त्याच्या हाती दिली की ती घरी म्हणून कधी पोहोचत नसे. एके दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर ती चिठ्ठी फाडताना मी त्यास पाहिले. खोदून विचारता तो रडू लागला. वडील सभेस आले आणि त्यांची अवस्था सोबत्यांच्या दृष्टीस पडली तर पुन्हा वर्गात तोंड कसे दाखवावे, ही त्याची धास्ती होती. मी त्यास धीर दिला व अभ्यासाकडे लक्ष देण्याचा उपदेश केला. शिक्षकाच्या पोतडीत उपदेशाची कधी वाण नसते! पण त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी येऊन, आता कोठे जावे, असा साधा प्रश्न विचारला तेव्हा मजजवळ उत्तर नव्हते. ते उत्तर मला पुढे अनिताबाईंच्या चरित्रात सापडले.

अनिताबाई व्यवसायाने डॉक्टर. वैद्यकाचे शिक्षण घेत असता त्यांचा व श्री. अनिल अवचट ह्यांचा परिचय झाला आणि पुढे विवाह झाला. अनिलरावांनी आपल्या लेखनात त्यांचा उल्लेख सुनंदा ह्या नावाने केला असल्यामुळे मराठी वाचकांच्या पिढ्या त्यांना त्याही नावाने ओळखतात. अनिलराव स्वतः डॉक्टर झाले खरे, पण त्यांचे मन दवाखान्यात रमले नाही. हमाल, विडी-कामगार, भटके, दुष्काळाने पोळलेले शेतकरी अशांमध्ये हिंडावे, त्यांचे जिणे समजून घ्यावे व ते लिहावे, हा त्यांचा ध्यास. अशा लेखनावर संसार चालत नाही. तो भार अनिताबाईंनी उचलला. त्या नोकरी करीत आणि घराची व दोन मुलींची पुष्कळशी देखरेख अनिलराव करीत. त्या काळी ही व्यवस्था लोकांस विलक्षण वाटे. परंतु ज्यास जे कार्य मनापासून साधते ते त्याने करावे आणि त्यात लाज कसली, ही ह्या घराची रीत होती. त्यांच्या पुढील कार्याचे बीज ह्या रीतीतच होते असे म्हणता येईल.

अनिताबाईंची नोकरी येरवड्याच्या शासकीय मनोरुग्णालयात होती. मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्यांनी तेथे वर्षानुवर्षे सेवा केली. त्या काळी मनोरुग्णालय ह्या शब्दानेच लोक दचकत. घरच्यांनी ज्यांची आशा सोडली, ज्यांना भेटावयास वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही, अशी माणसे तेथे असत. अशांच्या सहवासात एका गोष्टीची खूण पटते. ज्यास समाज वेडा, वाया गेलेला किंवा नादान म्हणून मोकळा होतो, त्याच्या आतही एक शहाणा मनुष्य कोठे तरी जागा असतो. वैद्याने हाक मारावयाची ती त्या शहाण्यास.

सन १९८० नंतरच्या काळात मुंबई-पुण्याकडे एक नवे संकट आले. गर्द ह्या नावाने ओळखली जाणारी तपकिरी भुकटी तरुण मुलांच्या हाती पडू लागली. ही भुकटी म्हणजे अफूपासून होणाऱ्या हेरॉइनचा हिणकस प्रकार. प्रथम मौज म्हणून किंवा मित्राच्या आग्रहाखातर मुलगा तिचा धूर घेई. पण थोड्याच दिवसांत शरीरच ती मागू लागे. वेळेवर मिळाली नाही तर अंग मोडून येई, नाकाडोळ्यांतून पाणी वाहे, पोटात कळा येत, झोप नाहीशी होई. ह्या यातनांना व्यसनी मुले टर्की म्हणत. त्या टाळण्यासाठी सुशिक्षित घरांतली मुलेही आईचे दागिने चोरून विकू लागली. अनिलरावांनी ह्या मुलांमध्ये जाऊन लेखमाला लिहिली. तीच पुढे गर्द ह्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

ती लेखमाला वाचून श्री. पु. ल. देशपांडे व श्रीमती सुनीताबाई देशपांडे हे दांपत्य अस्वस्थ झाले. ज्यांनी उभ्या महाराष्ट्राला हसविले त्या पु. लं. ना ह्या मुलांच्या कहाण्या सोसवेनात. केवळ हळहळून न थांबता त्यांच्या प्रतिष्ठानातर्फे ह्या कामासाठी एक लक्ष रुपये देण्यात आले. आता काम करणार कोण? लेखणी अनिलरावांची होती, पण रुग्णांवर उपचार करण्याचे ज्ञान अनिताबाईंचे. त्या पुढे झाल्या. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच जागा मिळाली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु. लं. च्या हस्ते मुक्तांगण ह्या व्यसनमुक्ती केंद्राचे उद्घाटन झाले.

मुक्तांगणाचे वेगळेपण समजण्यासाठी व्यसनी मनुष्याला आपल्याकडे पूर्वी कसे वागविले जाई हे ध्यानात आणावे. कोणी त्यास मारझोड करी, कोणी खोलीत कोंडी. कोणी देवापुढे उभे करून शपथा घालावयास लावी. लग्न लावून दिले की सुधारेल, असे म्हणून कित्येकांच्या गळ्यात एखाद्या निरपराध मुलीचे आयुष्य बांधले जाई. ह्या सर्व उपायांच्या मुळाशी एकच समजूत होती, ती अशी की व्यसनी हा वाईट चालीचा मनुष्य असून त्यास पुरेशी शिक्षा झाली किंवा लाज वाटली म्हणजे तो ताळ्यावर येईल. अनिताबाईंनी ही समजूत बाजूस सारली. व्यसन हा आजार आहे. तो शरीरास जडतो, मनास जडतो आणि अखेर सबंध कुटुंबास जडतो. आजाऱ्याला शिक्षा करून तो बरा होत नाही. मात्र आजारी आहे म्हणून त्याची जबाबदारीही संपत नाही. औषध देणे वैद्याचे काम, पण ते घेणे व पथ्य पाळणे त्याचेच.

म्हणून मुक्तांगणात दाखल होणारा रुग्ण रुग्णमित्र झाला. उपचारांचा काळ सुमारे पाच आठवड्यांचा ठरला. आरंभी शरीरातील विष उतरेपर्यंत औषधे व देखरेख, आणि त्यानंतर नियमित दिनचर्या. सकाळी उठणे, व्यायाम, योगासने, साफसफाई, समुपदेशन, गटांतील चर्चा, गाणी, हस्तकला. ज्याचा दिवस वर्षानुवर्षे नशेच्या शोधाने सुरू होऊन नशेतच मावळला, त्यास दिवस म्हणजे काय हे पुन्हा शिकवावे लागते. मारहाण, साखळदंड, अपमान ह्यांना तेथे थारा नव्हता.

परंतु त्यांच्या पद्धतीचा खरा प्राण ह्याहून निराळा होता. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांनाच त्यांनी नव्या रुग्णांच्या सेवेस लावले. ज्याच्यावर घरचे लोक दहा रुपयांचाही विश्वास टाकीत नव्हते, त्याच्यावर त्यांनी दुसऱ्या माणसाच्या जिवाची जबाबदारी सोपविली. डॉक्टर रुग्णाला कितीही समजावो, रुग्ण मनात म्हणतो की ह्यांना काय ठाऊक? पण शेजारी बसलेला मनुष्य जेव्हा सांगतो की मीही बायकोचे मंगळसूत्र विकले होते आणि आज दोन वर्षे मी मोकळा आहे, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात प्रथमच आशा उगवते. आणि सांगणाऱ्याचाही पाय त्या सांगण्याने घट्ट होतो.

ह्या तत्त्वाचा उगम पाहावयाचा तर आपल्याला क्षणभर अमेरिकेस गेले पाहिजे. ओहायो राज्यातील ॲक्रन नावाच्या गावी बॉब स्मिथ नावाचे एक शस्त्रवैद्य होते. दारूने त्यांचा व्यवसाय, पैसा व प्रतिष्ठा ही बुडत चालली होती. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअर-बाजारातील गृहस्थ कामानिमित्त तेथे आला. तो काही महिन्यांपूर्वीच दारूतून सुटला होता. परक्या गावी, काम फसलेले, आणि पुन्हा पिण्याची ओढ अनावर झालेली! त्या वेळी त्यास उमगले की आपणांस वाचावयाचे असेल तर दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलले पाहिजे. कोणा परिचिताच्या मध्यस्थीने डॉ. स्मिथ भेटले. पंधरा मिनिटांहून अधिक थांबणार नाही असे ठरवून आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. कारण उपदेश न करता स्वतःचीच हकीकत सांगणारा मनुष्य त्यांना प्रथमच भेटला होता. त्यानंतर डॉक्टर एकदा पुन्हा घसरले; परंतु १० जून १९३५ नंतर १९५० साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी दारूस स्पर्श केला नाही. तो दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए. ए. ह्या बंधुसंघाचा जन्मदिवस मानला जातो. पुढे १९५१ मध्ये मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हा स्वतंत्र संघ स्थापन झाला आणि १९५७ च्या सुमारास त्याचीच किशोरवयीन मुलांसाठी शाखा निघाली. ए. ए. चे कार्य आपल्या देशातही १९५० नंतरच्या दशकातच सुरू झाले. मुक्तांगणाने ह्या बंधुसंघाच्या विचारास आपल्या उपचारांत जागा दिली.

अनिताबाईंची दृष्टी रुग्णापाशी थांबली नाही. ती त्याच्या पत्नीकडे व मुलांकडे गेली. पिणारा एक असतो, पण त्याचा पेला घरातील प्रत्येकाला रिता करावा लागतो. पत्नी साहेबास खोटे निरोप पाठविते, शेजाऱ्यांपासून लपविते, खिसे चाचपते, रात्र रात्र दाराकडे डोळे लावून बसते. मुले एक तर अकाली प्रौढ होतात किंवा कोपऱ्यात मुकी होऊन बसतात. ह्या स्त्रियांनी एकत्र बसून मन मोकळे करावे ह्यासाठी मुक्तांगणात सहचरी हा गट सुरू झाला. आपल्या पतीची दारू आपल्या चुकीमुळे सुरू झालेली नाही, आपल्या रडण्याने ती थांबणार नाही, आणि तो सुटेपर्यंत आपले व मुलांचे जगणे थांबविण्याचे कारण नाही, एवढे समजले तरी त्या स्त्रीच्या मनावरचा धोंडा उतरतो.

ह्या कार्यात यशाइतकेच अपयशही असते, हे लपविण्याचे कारण नाही. बरा होऊन गेलेला मनुष्य महिन्याभरात पुन्हा दारात उभा राहतो, कधी दुसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा. अशा वेळी तोंड फिरविणे सोपे असते. परंतु मधुमेह पुन्हा वाढला म्हणून वैद्य रुग्णास हाकलून देत नाही. तोच न्याय येथे. घसरला तरी परतून येण्याची वाट खुली ठेवणे आणि घरी गेल्यावरही त्याचा पाठपुरावा करणे, हा मुक्तांगणाच्या कार्याचा भाग झाला. त्यासाठी निरनिराळ्या गावी बैठका भरू लागल्या.

कार्य असे वाढत असतानाच अनिताबाईंना कर्करोगाने गाठले. दुसऱ्यास धीराने जगावयास शिकविणे निराळे आणि तो धडा स्वतः गिरविणे निराळे. त्यांनी तो काही वर्षे गिरविला. उपचार चालू असता, शरीर खंगत असताही त्यांनी आपले काम सोडले नाही. ज्या रुग्णमित्रांना त्या एकेक दिवस निभावून नेण्यास सांगत, त्यांनी आपल्या डॉक्टरीणबाईंना तेच करताना डोळ्यांनी पाहिले. ह्याहून मोठा पाठ कोणता असणार? फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले.

संस्थापकाबरोबर संस्थाही मावळते असा आपल्याकडील पुष्कळ संस्थांचा अनुभव आहे. येथे तसे झाले नाही. त्यांची कन्या श्रीमती मुक्ता पुणतांबेकर ह्यांनी, जुन्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने, कार्याची धुरा उचलली. अनिलराव २०२२ च्या जानेवारीत निवर्तले. आयुष्यातील संकटांशी झुंजून उभे राहिलेल्या व्यक्तींना अनिताबाईंच्या स्मरणार्थ मुक्तांगणातर्फे संघर्ष सन्मान देण्यात येतो. त्यांच्या चरित्रास शोभेल असेच हे स्मारक होय.

आता आपल्या पनवेलकडे वळू. आपले गाव मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले. बोरघाट चढून गेले की काही तासांत पुणे येते. परंतु प्रत्येकाने घाट चढलाच पाहिजे असे नाही. ए. ए. च्या सभा मुंबई, नवी मुंबई व आपल्या परिसरातही भरतात. बहुधा शाळेच्या वर्गात, चर्चच्या दालनात किंवा समाजमंदिरात, संध्याकाळच्या वेळी. पालकहो, तेथे काय घडते ह्याची पुष्कळांना विनाकारण भीती वाटते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

सभा तास-दीड तास चालते. येणाऱ्याने आपले पूर्ण नाव, जात, धर्म किंवा धंदा सांगण्याची आवश्यकता नसते. पहिले नाव पुरते, आणि तेथे ऐकलेले बाहेर बोलावयाचे नाही असा दंडक असतो. फी नसते, स्वेच्छेने कोणी काही दिले तर त्यातून चहाचा व जागेचा खर्च भागतो. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. एक जण उठून स्वतःची हकीकत सांगतो. बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. नवख्याने नुसते बसून ऐकले तरी चालते. काही सभा खुल्या असतात, त्यांस घरच्यांनाही जाता येते. काही केवळ मद्यपींसाठी असतात. म्हणून जाण्यापूर्वी चौकशी करावी. पहिल्या सभेत मन रमले नाही तर आणखी काही सभांना जाऊन पाहावे. सभेचा पत्ता ए. ए. च्या दूरध्वनीवर मिळतो. शासनाच्या १४४४६ ह्या निःशुल्क दूरध्वनीवरही व्यसनमुक्तीविषयी मार्गदर्शन मिळते.

एक इशारा मात्र अवश्य ध्यानी ठेवावा. जो वर्षानुवर्षे रोज पुष्कळ पीत आला आहे, त्याने एकाएकी दारू तोडल्यास हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि क्वचित जिवावरही बेतते. म्हणून प्रथम डॉक्टर, आणि त्यांच्या सल्ल्याबरोबर सभा. एकाने शरीर सांभाळावे, दुसरीने मन.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. प्रथम त्याची आई एका कुटुंबीयांच्या सभेस गेली. तीन महिने ती एकटीच जात होती. घरातील आरडाओरडा कमी झाला, साहेबास खोटे निरोप जाणे बंद झाले, आणि एके दिवशी वडिलांनी आपण होऊन, तू दर आठवड्यास कोठे जातेस, असे विचारले. त्यानंतर ते स्वतः जाऊ लागले. मध्यंतरी एकदा त्यांचा पाय घसरला, पुन्हा गेले. पुढल्या वर्षीच्या पालकसभेची चिठ्ठी त्या मुलाने फाडली नाही. वडील आले, मागच्या बाकावर बसले आणि सभा संपल्यावर त्यांनी मुलाची वही मागून घेऊन तिची पाने सावकाश चाळली.

मुलांनो, आपल्या घरी असे दुःख असेल तर ते आपल्या दोषाने आलेले नाही आणि ते लपविणे हे आपले कर्तव्य नाही. ज्या मोठ्या माणसावर आपला विश्वास आहे, मग ती मावशी असो, आजोबा असोत वा शाळेतील शिक्षक, त्याच्या कानी ते घाला. आणि ज्यांच्या घरी असे दुःख नाही, त्यांनी ज्याच्या घरी आहे त्यास हसू नये. पडलेल्यास हिणविणारे पुष्कळ असतात. पडलेल्याच्या हाती दुसऱ्या पडलेल्याचा हात देऊन दोघांनाही उभे करणाऱ्या अनिताबाई विरळा. त्यांच्या चरित्रापासून एवढे घेतले तरी आपल्या वर्गातील एखादी चिठ्ठी फाटावयाची राहील.